भाडेकरू चांगलाय हो, पण कागद कुठाय?

पत्र थोडक्यात असं:

ताई 59 वर्षांच्या आहेत, ठाणे जिल्ह्यात राहतात, नुकत्याच नोकरीतून मोकळ्या झाल्यात. राहत्या घराशिवाय जवळच्याच एका सोसायटीत त्यांचा 1 बीएचके फ्लॅट आहे, तो अडीच वर्षांपूर्वी एका तरुण जोडप्याला भाड्याने दिला. भाडं 16,000, डिपॉझिट 50,000. 11-11 महिन्यांची दोन ॲग्रीमेंट रीतसर रजिस्टर झाली, तिसऱ्या वेळी "माणसं चांगली आहेत, परत कशाला खर्च" म्हणून राहून गेलं, त्याला आता 9 महिने झाले. भाडं 5 तारखेला यायला हवं, येतं 11-12 ला. जूनपासून बेडरूमच्या भिंतीला ओल आहे, भाडेकरूने तीनदा सांगितलं, ताई "बघते" म्हणाल्या. मागच्या महिन्यात त्याने स्वतःच प्लंबर आणला आणि 4,200 रुपये कापून 11,800 पाठवले, सोबत बिलाचा फोटो. ताईंचा भाऊ म्हणतो आज पैसे कापले, उद्या घर बळकावेल, 12 वर्षं झाली की घर त्याचंच, आत्ताच काढ. ब्रोकर म्हणतो 19,000 आरामात मिळतील. ताई विचारतात, याला काढू की ठेवू, आणि काढायचं तर वाईटपणा न घेता कसं? पत्रासोबत पासबुकाच्या पानांचे आणि सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचे फोटो पाठवलेत.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कागदावर मधोमध एक रेघ मारली, एका बाजूला भाडेकरूच्या चुका लिहिल्या, दुसऱ्या बाजूला तुमच्याकडून राहून गेलेल्या गोष्टी. राग मानू नका पण दुसरी बाजू लांब झाली. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, माझाही एक छोटा फ्लॅट गेली चौदा वर्षं भाड्याने आहे आणि तुमच्या यादीतली एकही चूक अशी नाही जी मी केलेली नाही.

आधी भावाच्या 12 वर्षांचं बघू, कारण तुमची झोप त्यानेच उडवलीये. 12 वर्षांची ती गोष्ट 1963 च्या मुदत कायद्यातली आहे आणि ती कोणासाठी आहे तर जो माणूस मालकाच्या हक्काला न जुमानता, उघडपणे, "हे माझंच आहे" म्हणून जागेवर बसलाय त्याच्यासाठी. तुमचा भाडेकरू असा बसलाय का? तुम्ही चावी दिलीत म्हणून तो आत आला, दर महिन्याला भाडं देतोय, ओल आली तर तुम्हालाच फोन करतोय. म्हणजे तो दर महिन्याला लेखी कबूल करतोय की घर तुमचं आहे. परवानगीने राहणारा माणूस 12 काय 20 वर्षं राहिला तरी नुसत्या राहण्याने मालक होत नाही, आणि ज्याच्याकडून जागा घेतली त्याची मालकीच नाकारायची मुभाही कायदा त्याला देत नाही. तुम्ही पाठवलेल्या पासबुकाच्या फोटोत प्रत्येक एंट्रीपुढे त्याने "रेंट" लिहिलंय, तो एक शब्दच भावाला दाखवा.

पण भावाला अगदीच वेड्यात काढू नका हं. ही भीती आपल्याकडे आकाशातून पडलेली नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य झालं, आणि त्यावर कडी म्हणजे 1973 साली दुरुस्ती झाली की 1 फेब्रुवारी 1973 ला जे लोक लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न घेता मालकाच्या नुसत्या परवानगीने, एखाद्या जागेत राहत होते ते कायद्याने भाडेकरूच मानले जातील. एका रात्रीत! ज्या मालकांनी "दोन-चार वर्षांसाठी" म्हणून जागा दिली होती त्यांच्या नातवांनी पण ती परत बघितली नाही. त्या पिढीच्या घरात ही गोष्ट भुताच्या गोष्टीसारखी सांगितली गेली, तुमचा भाऊ तीच ऐकत मोठा झाला असणार.

नंतर कायदा बदलला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून, आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सवर राहायला दिलेल्या घरासाठी मालकाच्या बाजूचं एक सरळ कलम आहे, 24 नंबरचं. मुदत संपली आणि समोरच्याने घर सोडलं नाही तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करायचा, तिथे समोरच्याला आपली बाजू मांडण्याची परवानगी सुद्धा समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत मागावी लागते, आणि मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांचे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. लेखी ॲग्रीमेंट हा तिथे निर्णायक पुरावा धरला जातो.

लेखी ॲग्रीमेंट. आता कळलं मी कुठे येतेय?

तुमच्या भावाला भाडेकरूची भीती वाटते, मला तुमच्या रिकाम्या फायलीची वाटते. याच कायद्याचं 55 वं कलम म्हणतं की ॲग्रीमेंट लेखी हवं, रजिस्टर हवं, आणि ते करून घ्यायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यासाठी तुम्हाला कोणी उद्या आत टाकणार नाहीये, घाबरू नका, पण त्याच कलमात पुढे जे आहे ते जास्त महत्त्वाचं आहे: रजिस्टर कागद नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जाईल, चुकीचं आहे हे तुम्ही सिद्ध करेपर्यंत. म्हणजे उद्या तो म्हणाला की "ताईंनी मला पाच वर्षं रहा असं सांगितलं होतं, भाडं वाढवणार नाही म्हणाल्या होत्या", तर खोटं ठरवायचं ओझं तुमच्या डोक्यावर. तो असं म्हणेल असं मी म्हणत नाही, मला तर तो भला माणूस वाटतोय, पण भल्या माणसाबरोबरसुद्धा कागद करायचा असतो, आणि खरं सांगायचं तर भल्या माणसाबरोबरच तो पटकन होतो.

इथे एक गैरसमज काढून टाकते कारण दर दुसऱ्या पत्रात हा असतोच. "11 महिन्यांचं केलं की रजिस्टर करायला लागत नाही." हे नोंदणी कायद्यावरून आलंय, तिथे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे म्हणून लोक 11 वर थांबायला लागले. महाराष्ट्रात मात्र 55 व्या कलमामुळे मुदत कितीही असो, नोंदणी लागतेच. त्यामुळे 11 च्या आकड्यात आपल्याकडे काही जादू उरलेली नाही, सवय आहे नुसती. 60 महिन्यांपर्यंतचं लिव्ह अँड लायसन्स एकदम करता येतं, दर वर्षी भाडं किती वाढेल हे त्यातच लिहायचं. मी हल्ली तीन वर्षांचंच करते. दरवर्षी त्या "वाढवायचं का हो भाडं" या अवघड फोनपासून सुटका होते, त्याची आणि माझी पण.

खर्चाचं म्हणाल तर स्टँप ड्युटी 0.25 टक्के, कशावर, तर पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेलं व्याज. तुमच्या केसमध्ये भाडं 17,000 केलं, दर वर्षी 5 टक्के वाढ आणि 36 महिन्यांची मुदत धरली तर ड्युटी येते सोळाशे-सतराशेच्या आसपास, त्यावर महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, आणि एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो त्याची वेगळी. हा सगळा खर्च बरेच लोक निम्मा-निम्मा करतात. इतक्यासाठी तुम्ही 9 महिने उघड्यावर काढलेत ताई.

आणि एक, मागची तारीख टाकून "झालं गेलं" झाकायचा प्रयत्न करू नका, एजंट सुचवेल कदाचित. पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून नवं करा, आणि मधले 9 महिने तो जुन्याच अटींवर, त्याच भाड्यात, तुमच्या परवानगीने राहिला असं एक वाक्य वकिलाकडून नीट लिहून घेऊन त्यात टाका.

आता ते 4,200.

न विचारता कापले ही त्याची चूक, मान्य. फोन करून "ताई मी करून घेतो, भाड्यातून वळते करू का" एवढं विचारायला हवं होतं. पण जून, जुलै, ऑगस्ट तीन वेळा सांगून झालं होतं आणि त्या खोलीत त्यांचं लहान मूल झोपतं असं तुम्हीच लिहिलंय. तुम्ही "बघते" म्हणालात तेव्हा तुमच्या मनात नक्की काय होतं? मी माझ्यापुरतं सांगते, मी जेव्हा "बघते" म्हणायचे तेव्हा त्याचा अर्थ "पावसाळा संपला की आपोआप सुकेल" असा असायचा. भिंतीच्या आतल्या नळाचा खर्च मालकाचाच असतो, त्यात वाद नाही. बल्ब, नळाचा वॉशर, तुंबलेलं सिंक हे राहणाऱ्याने करायचं, पण लपलेली पाइपलाइन, वायरिंग, वॉटरप्रूफिंग हे घराचं आहे, आणि घर तुमचं आहे. ते 4,200 मोकळ्या मनाने मान्य करून टाका. हवं तर असंही बघा, घरभाड्याच्या उत्पन्नावर टॅक्स काढताना आधी भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, मग तुम्ही दुरुस्तीवर एक रुपया खर्च करा किंवा न करा. वर्षाच्या 1,92,000 भाड्यावर ही वजावट 50,000 च्या वर जाते. दुरुस्ती होणार हे सरकारने गृहीत धरलंय, आपणच धरत नाही. (भाडं रिटर्नमध्ये दाखवताय ना? पत्रात काही लिहिलं नाहीत म्हणून विचारलं.)

मी दर वर्षी एका महिन्याचं भाडं वेगळ्या आरडीत टाकते आणि ते माझं नाहीच असं समजते. घराचं आहे ते. तेव्हापासून प्लंबरचा फोन आला तरी पोटात गोळा येत नाही.

पण प्लंबरला पैसे गेले म्हणजे ओल गेली असं नाही, आणि तुम्ही अजून तिथे जाऊन बघितलं पण नाहीये. या रविवारी जा. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, चावी आहे म्हणून परस्पर दार उघडायचं नाही, घर तुमचं असलं तरी संसार त्यांचा आहे. जाताना एक पेन्सिल न्या. ओल जिथपर्यंत आलीये त्या कडेने बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा, मग फोटो काढा. पंधरा दिवसांनी त्यालाच पुन्हा फोटो पाठवायला सांगा. रेघेच्या आत सुकत चाललंय तर पाइपचंच दुखणं होतं, संपलं, पण भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावू नका नाहीतर दोन महिन्यांत पापुद्रे निघतील आणि रंगाचे पैसे पाण्यात. रेघेच्या बाहेर गेली तर भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघा. पलीकडे बाथरूम असेल तर दोन दिवस ते वापरू नका म्हणावं (शेजारी किंवा नातेवाईकांकडे सोय होत असेल तर, लहान मूल आहे घरात), तेवढ्यात फरक पडला तर टाइल्सचे सांधे किंवा नहाणीचा ट्रॅप. बाहेरची भिंत असेल आणि पाऊस पडला की ओल वाढत असेल तर तो खर्च तुमचाही नाही आणि त्याचाही नाही, बाहेरून येणारी पावसाची गळती सोसायटीने करायची असते, लेखी अर्ज द्या. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल तर वरच्या मेंबरने. हे शोधून न काढता भिंत फोडणारा प्लंबर भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

भाडं उशिरा येतं याबद्दल. मी तुमच्या पासबुकाचे फोटो मोठे करून बघितले. 11, 12, 11, 11, 12, 10, 11. ताई हा माणूस उशीर करत नाहीये, याचा पगारच बहुतेक 10 तारखेला होतो! 31 महिने तुम्ही दर महिन्याच्या 6 तारखेपासून मनातल्या मनात चिडताय आणि एकदाही विचारलं नाहीत की बाबा पगार कधी होतो. नव्या ॲग्रीमेंटमध्ये 12 तारीख टाका, विषय संपला. काळजी कधी करायची सांगते: तारीख दर महिन्याला पुढे सरकायला लागली, 12 मग 17 मग 24, किंवा भाडं तुकड्यातुकड्यात यायला लागलं, किंवा फोन उचलणं बंद झालं. आणि लाइटबिल. लाइटबिल तुमच्याच नावावर असेल ना, ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या ॲपवर कधीही बघता येतं. माझा अनुभव असा की पैशाची ओढाताण सुरू झालेला माणूस भाडं थकवण्याआधी लाइटबिल थकवतो, त्यामुळे दर दोन महिन्यांनी मी ते बघते, सांगत नाही कोणाला.

मग ब्रोकरचे 19,000. मिळतीलही. 3,000 जास्त, 11 महिन्यांचे 33,000, ऐकायला छान. आता वजाबाकी करा. हे घर सोडतील, तुम्ही ओल सुकवून रंग काढाल, नवा माणूस शोधाल, यात एक महिना घर रिकामं राहणार म्हणजे 19,000 गेले. ब्रोकर तुमच्याकडूनही एका महिन्याचं घेत असेल तर अजून 19,000. झाले 38,000, रंगाचे पैसे अजून धरलेच नाहीत आणि रिकाम्या महिन्याचं मेंटेनन्सही. पहिल्या वर्षी तुम्ही खिशातून घालून बसाल. ब्रोकर खोटं बोलत नाहीये, फक्त त्याचा हिशोब वेगळा आहे, माणूस बदलला की त्याला पैसे मिळतात, टिकला की नाही. त्यापेक्षा याच माणसाला 17,000 म्हणा. दोन वर्षं सात महिने त्याच भाड्यात राहिलाय, त्यालाही माहितीये बाहेर काय रेट आहे, आणि त्याला ट्रक, नवं डिपॉझिट, मुलाची बालवाडी हे सगळं डोळ्यासमोर दिसतंच. ओलीचं काम आधी करा आणि मग भाड्याचं बोला. क्रम उलटा केलात तर त्याला वाटेल 4,200 चा सूड घेतायत.

आता ज्यासाठी मी मघापासून थांबलेय ते, सोसायटीचं बिल. तुम्ही ते कशासाठी जोडलंत माहीत नाही, बहुतेक मेंटेनन्स तुम्ही भरता हे दाखवायला, पण मी ते वाचून उडालेच. खालून चौथी ओळ बघा: नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस 1,500. वर सेवा शुल्क किती? 1,850. राज्य सरकारचा 1 ऑगस्ट 2001 चा आदेश आहे की घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटीला जे जास्तीचे पैसे घेता येतात ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. म्हणजे तुमचे जास्तीत जास्त 185 रुपये. दर महिन्याला 1,315 जास्त, 31 महिन्यांचे 40,765. भाडेकरूच्या 4,200 साठी तुमची झोप गेली आणि चाळीस हजार तुम्ही न बघता भरलेत! सेक्रेटरींना आदेशाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पुढच्या बिलापासून दुरुस्ती आणि मागचं जास्तीचं पुढच्या बिलांत वळतं करा अशी मागणी करा. नाही ऐकलं तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. भांडायला जाऊ नका, बऱ्याच कमिट्यांना हा आदेश खरंच माहीत नसतो, आणि काहींना फार चांगला माहीत असतो. नव्या ॲग्रीमेंटची प्रत सोसायटीला द्यायची आहेच, त्याच दिवशी हा अर्जही द्या. आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरून त्याची प्रिंट फाइलला लावा.

बरं, समजा सगळं ऐकूनही तुम्हाला वाटलं की नाहीच ठेवायचं. तुमचं घर आहे, कारण द्यायची पण गरज नाही. पण मग दोन महिने आधी सांगा, शाळेची टर्म बघून सांगा, आणि लेखी सांगा. काय करायचं नाही ते मात्र ठळक ऐका, कारण तुमचा भाऊ तापट वाटतोय: कुलूप बदलायचं नाही, सामान बाहेर काढायचं नाही, पाणी-लाइट तोडायचं नाही. भाडेकरूचं पाणी-वीज तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या 29 व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि ज्याला कायद्याची वाट सोडून बाहेर काढलं तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून परत आत येऊ शकतो, तिथे मालक कोण हा प्रश्नही विचारला जात नाही. हातात चांगली केस असलेले मालक एका संध्याकाळच्या रागात ती घालवून बसतात.

बाकीच्या वाचकांसाठी, ज्यांचा भाडेकरू आत्ता यायचाय किंवा जायचाय. माझ्याकडे एक कुटुंब चार वर्षं राहून गेलं, जाताना बाथरूमचा गीझर बंद होता. मी म्हटलं तुमच्याकडून बिघडला, ते म्हणाले आलो तेव्हाच कुरकुरत होता. दोघांकडे पुरावा शून्य. मी डिपॉझिटमधून 5,000 कापले, त्यांनी काही न बोलता घेतले, आणि दोन महिन्यांनी जुन्या फोनमध्ये मला त्यांचाच पहिल्या आठवड्यातला मेसेज सापडला, "मॅडम गीझरला पाणी गरम व्हायला वेळ लागतोय." पैसे परत केले, पण तोंड पडलं ते पडलंच. तेव्हापासून चावी देताना मी आणि भाडेकरू दोघं मिळून घरभर फिरतो, व्हिडिओ काढतो, प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक स्विच दाबून, गीझरवरची कंपनीची पट्टी, लाइटच्या मीटरचं रीडिंग, भिंतीवरचे आधीचे खिळे सुद्धा. दहा मिनिटं लागतात. तो व्हिडिओ दोघांच्या फोनवर राहतो आणि जाताना तोच लावून परत फिरायचं. रंग फिका पडणं, दाराचं हँडल ढिलं होणं ही झीज आहे, त्याचे पैसे कापायचे नाहीत. फुटलेलं बेसिन किंवा भिंतीतलं भोक हे नुकसान, त्याचे बिल दाखवून कापायचे. आणि बाकीचं डिपॉझिट चावी हातात आली त्याच दिवशी द्यायचं, "पुढच्याचं आलं की देते" हे अजिबात नाही. ते पैसे आपले नव्हतेच कधी. 50,000 घेऊन खर्च करून टाकले असतील तर ताई, आजपासून परत जमवायला लागा.

तुम्ही विचारलंत बोलायचं कसं. फोनवर बोलू नका, तुम्ही परत "बघते" म्हणाल. हा मेसेज मी लिहून देते, हवा तसा बदला:

"नमस्कार. प्लंबरचं बिल मिळालं, 4,200 मान्य आहेत, मागच्या महिन्याचं भाडं पूर्ण मिळालं असं धरते. तुम्ही तीनदा सांगूनही मी आले नाही, चुकलं माझं. पुढच्या वेळी कापण्याआधी एक फोन करा, मी नाही म्हणणार नाही. रविवारी 11 ला भिंत बघायला येऊ का? आपलं ॲग्रीमेंट संपून बरेच दिवस झालेत, ते नवीन करायचंय, 1 तारखेपासून तीन वर्षांचं करू, भाड्याचं आणि तारखेचं समोर बसून ठरवू. तुमचा पगार कोणत्या तारखेला होतो?"

पाठवायच्या आधी भावाला दाखवू नका.